क्षारपड रानासाठी कर्ज काढताना: आधी पाण्याची वाट, मग बँकेची

कृष्णा-वारणेच्या काठाला वाळवा, पलूस, मिरज या तालुक्यांत आणि वर कराडकडच्या काही गावांत एकेकाळी उसाचं सोन्यासारखं असलेलं रान आता पांढरं फुटलेलं दिसतं. त्यात सच्छिद्र पाईपची भूमिगत निचरा प्रणाली घालून रान परत आणता येतं, हे आता बहुतेकांना माहीत आहे. अडतं ते पैशापाशी. म्हणून हा लेख पहिल्यांदाच जमीन सुधारणेचं कर्ज काढणाऱ्यांसाठी आहे. वडिलांच्या नावावरचं खातं नुकतंच ज्यांच्या नावावर आलं, आजवर फक्त पीककर्ज काढलं, किंवा नोकरी सोडून शेतीत उतरले, अशा सगळ्यांनी वाचावा.

एक गोष्ट सुरुवातीलाच. बँक कर्ज देते म्हणजे तुमचं काम यशस्वी होईल याची खात्री देते असं नाही. बँक सातबारा बघते, तुमच्या रानातलं पाणी शेवटी कुठं जाऊन पडणार हे बघत नाही. ते तुम्हालाच बघायचं आहे, आणि अर्ज करण्याआधी बघायचं आहे.

हे कर्ज येतं कुठून

जमीन सुधारायला सरकारनं शेतकऱ्याला कर्ज द्यायचं ही पद्धत इंग्रजांच्या काळातली. जमीन सुधारणा कर्जाचा कायदा १८८३ चा आणि शेतकरी कर्जाचा १८८४ चा. या कायद्यांखालच्या कर्जाला आपल्याकडं तगाई म्हणत. नंतर लांब मुदतीचं कर्ज भूविकास बँका द्यायच्या. त्या आता अवसायनात गेल्या, म्हणजे गुंडाळल्या गेल्या. आज वाट अशी आहे: नाबार्ड पुनर्वित्त (कर्जवाटपासाठी बँकांना पैसा) देतं, ते राज्य सहकारी बँकेतून जिल्हा मध्यवर्ती बँकेकडं येतं, तिथून गावच्या विकास सोसायटीकडं आणि सोसायटीतून तुमच्याकडं. राष्ट्रीयीकृत बँकांतूनही हेच कर्ज मुदत कर्ज म्हणून मिळतं. ओढा खोल करणं, मुख्य चर काढणं अशी सामाईक कामं मात्र तुमच्या कर्जातून करायची नसतात. ती सरकारच्या पैशातून व्हायला हवीत. त्यासाठी ग्रामसभेचा ठराव लावून धरावा.

रान नेमकं कशानं बिघडलंय

सगळ्याला सरसकट 'क्षारपड' म्हणतात, पण आजार दोन आहेत आणि दोन्हींचा खर्च वेगळा. क्षारयुक्त रानात उन्हाळ्यात पांढरा थर येतो, पण माती तशी भुसभुशीत असते. चोपण रान ओलं झालं की लोण्यासारखं चिकट आणि वाळलं की दगड. पाणी दिलं तर चार-चार दिवस वर तुंबून राहतं आणि वाफसा येतच नाही. कागदावर फरक असा: सामू (पीएच) ८.५ च्या आत, क्षारता ४ डेसीसायमनच्या वर आणि विनिमययोग्य (मातीच्या कणांवर धरलेला) सोडियम १५ टक्क्यांच्या आत असेल तर रान क्षारयुक्त. सामू ८.५ च्या वर, क्षारता ४ च्या आत आणि सोडियम १५ टक्क्यांच्या वर असेल तर चोपण. क्षारता आणि सोडियम दोन्ही जास्त असतील तर क्षारयुक्त-चोपण.

इथं एक फसगत हमखास होते. ४ डेसीसायमन ही मर्यादा संपृक्त मातीच्या, म्हणजे पाण्यानं पुरत्या भिजवलेल्या मातीच्या, अर्काची आहे. मृद आरोग्य पत्रिकेवर येणारी क्षारता साधारणपणे माती आणि पाणी १:२.५ मिसळून मोजलेली असते, आणि तो आकडा बराच कमी येतो. पत्रिकेवर १.४ दिसलं म्हणून 'आपलं रान चांगलं आहे' असं समजू नका. कोणत्या पद्धतीनं मोजलं ते प्रयोगशाळेत विचारा, आणि सोडियमची व जिप्समच्या गरजेची तपासणी वेगळी मागून घ्या. नेहमीच्या चाचणीत ती नसते.

नमुना नुसता वरचा वीतभर घेऊन चालत नाही. एकाच खड्ड्यातून ० ते ३०, ३० ते ६० आणि ६० ते ९० सेंटीमीटर असे तीन थर वेगळ्या पिशव्यांत घ्या. एकरी दोन-तीन ठिकाणं पुरतात, मात्र चांगला पट्टा आणि फुटलेला पट्टा एकत्र कालवू नका. या विषयासाठी आपल्या भागात कसबे डिग्रजचं कृषी संशोधन केंद्र आहे. राहुरी विद्यापीठाच्या या केंद्रात क्षारपड जमिनींवरच काम चालतं. रिपोर्ट हातात पडला की एकदा तिथं जाऊन यावं.

त्याच जोडीला भूजल बघा. दोन मीटर खोल भोक पाडा, त्यात भोकं पाडलेला पाईप उभा करा, वरून झाकण लावा आणि दुसऱ्या दिवशी काठी घालून पाणी किती खाली आहे ते मोजा. अशा तीन-चार जागा करून ऑक्टोबर ते मे दर महिन्याला नोंद ठेवा. पाणी सतत एक-सव्वा मीटरच्या आत असेल तर निचऱ्याशिवाय इलाज नाही. उन्हाळ्यात ते दोन मीटरखाली जात असेल, तर आधी पाटपाणी कमी करून ठिबक आणि हिरवळीचं खत करून बघा. कर्ज काढायची गरजच पडणार नाही, असंही होऊ शकतं.

पाणी सोडणार कुठं

सगळ्यात जास्त वेळ या पायरीवर घालवा. एकरी निचऱ्याचं पाणी किती होतं याचा ढोबळ हिशेब असा: दिवसाला २ मिलिमीटर निचरा धरला तर एका एकरातून म्हणजे ४,०४७ चौरस मीटरमधून रोज सुमारे ८,००० लिटर पाणी बाहेर येतं. दहा एकरांचा गट असेल तर ८०,००० लिटर. हे पाणी क्षारांनी भरलेलं असतं. शेजाऱ्याच्या पाटात सोडलं तर पहिल्याच आठवड्यात भांडण.

पाईप सव्वा मीटर खोल जाणार, वर उतारासाठी आणखी वीस-तीस सेंटीमीटर धरा. म्हणजे ओढ्याचा तळ तुमच्या रानापेक्षा निदान पावणेदोन-दोन मीटर खाली हवा. ओढ्यात गाळ साचलेला असेल, कुणी बांध घालून नांगरून टाकला असेल, तर आधी तो प्रश्न सोडवा. नैसर्गिक प्रवाह कुणी अडवला असेल तर तहसीलदारांपुढं मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ च्या कलम ५ खाली दावा करता येतो. अट एकच, अडथळा केल्यापासून सहा महिन्यांच्या आत. 'बघू पुढच्या पावसाळ्यात' म्हणत ही मुदत घालवलेले लोक गावोगाव भेटतील.

ओढा उंच असेल तर विहिरीसारखा हौद बांधून, त्यात पाणी गोळा करून पंपानं उचलायचं. तासाला २०,००० लिटर टाकणारा पंप दहा एकरांसाठी रोज चार तास चालवावा लागेल. त्याचं वीजबिल कोण भरणार, हे आजच ठरवा. पंपावर चालणारी निचरा योजना पाईप फुटून क्वचित बंद पडते. बहुतेक वेळा ती बंद पडते वर्गणी थकून.

नदीकाठच्या गावांनी आणखी एक गोष्ट बघायची. जुलै-ऑगस्टमध्ये कृष्णेला फुगवटा आला की पाणी ओढ्यातून उलटं वर चढतं. सांगलीत आयर्विन पुलाजवळ ४० फूट ही इशारा पातळी आणि ४५ फूट धोक्याची. पाणी तिथवर जाण्याच्या कितीतरी आधी खालच्या ओढ्यांची तोंडं बुडतात. अशा ठिकाणी पाईपच्या तोंडाला एकाच बाजूला उघडणारी झडप बसवा, नाहीतर गढूळ पाणी पाईपात शिरून गाळ बसतो. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात पाणी कुठवर आलं होतं याच्या खुणा गावात सगळ्यांना माहीत आहेत. हौद आणि मोटारीची पेटी त्या खुणेच्या वर घ्या.

पाईप दुसऱ्याच्या रानातून न्यायची असेल तर तोंडी शब्दावर विसंबू नका. किमान ५०० रुपयांच्या स्टॅम्पवर करार करा. शक्य असेल तर तो नोंदवून घ्या. त्यात चार गोष्टी स्पष्ट असाव्यात: पाईप कुठून आणि किती खोल जाणार, दुरुस्तीला आत यायची परवानगी, खर्च क्षेत्राच्या प्रमाणात वाटून घ्यायचा, आणि रान विकलं तरी करार नव्या मालकावर बंधनकारक राहणार. भावाभावांतही हे कागदावर असू द्या. शेजाऱ्यांना बरोबर घेऊन पंधरा-वीस एकरांचा सलग गट केला तर मुख्य पाईप आणि हौदाचा एकरी खर्च चांगलाच कमी येतो. एकट्यानं दोन एकरांत निचरा केला तर वरच्या बाजूच्या रानातलं पाणीही तुमच्याच पाईपात येत राहतं. त्याचा त्रास तुम्हाला आणि फायदा त्यांना.

अंदाजपत्रक स्वतः करता आलं पाहिजे

कंपनीचा माणूस अंदाजपत्रक करून देतो, आणि बँकेला तेच लागतं. तरीपण आपला हिशेब आपल्याला यायला हवा. खोल काळ्या रानात दोन पाईपांमधलं अंतर साधारण २० ते ३० मीटर आणि खोली सव्वा मीटरच्या आसपास धरतात. २५ मीटर अंतर धरलं तर एकरी ४,०४७ भागिले २५ म्हणजे सुमारे १६२ मीटर उपपाईप लागते. २० मीटर अंतराला हाच आकडा २०२ मीटर होतो. उपपाईप ८० मिलिमीटरची, भोकं पाडलेली, नालीदार, आणि तिच्यावर न विणलेल्या जिओटेक्स्टाईल कापडाचं आवरण. मुख्य पाईप त्याहून मोठी. किती मोठी ते एकूण क्षेत्र आणि उतार बघून ठरतं. दोन्ही जिथं मिळतात तिथं आणि जिथं वळण आहे तिथं तपासणी चेंबर. शेवटी बाहेरचं तोंड: ते सिमेंटात पक्कं बांधलेलं आणि जाळी लावलेलं असावं.

आवरणाच्या बाबतीत काटकसर करू नका. गोणपाट गुंडाळलं तर ते दोन-तीन वर्षांत कुजतं. जुन्या साड्या गुंडाळणारेही आहेत, त्या बारीक मातीनं गच्च होतात. मग सगळं उकरून परत घालावं लागतं, आणि तेव्हा पहिल्या कर्जाचे हप्ते चालूच असतात.

चोपण रान असेल तर अंदाजपत्रकात जिप्समही धरा. समजा रिपोर्टमध्ये जिप्समची गरज हेक्टरी १० टन आली. आपल्याकडं निचऱ्याबरोबर गरजेच्या निम्मं टाकायची शिफारस आहे, म्हणजे हेक्टरी ५ टन, एकरी २ टन, ५० किलोच्या ४० पिशव्या. रानात चुनखडी भरपूर असेल तर जिप्समऐवजी गंधक सुचवलं जातं. हे रिपोर्ट बघून संशोधन केंद्रातच ठरवून घ्या. आणि हे पक्कं लक्षात ठेवा: निचरा नसताना नुसतं जिप्सम टाकणं म्हणजे पैसे मातीत घालणं. जिप्सम मातीच्या कणांवरचा सोडियम सोडवतं. पण तो सुटलेला सोडियम पाण्याबरोबर खाली जाऊन बाहेर पडला नाही, तर तिथंच राहतो.

सातबारा साफ करा

अर्ज करण्याआधी दोन-तीन महिने हे काम सुरू करावं. डिजिटल सहीचा सातबारा ऑनलाईन १५ रुपयांत मिळतो. तो काढून 'इतर हक्क' हा रकाना नीट वाचा. तिथं तीस-चाळीस वर्षांपूर्वीचं काहीतरी बसलेलं असतं: तगाई, बंडिंगचा (बांध घालण्याच्या कामाचा) बोजा, भूविकास बँकेचा बोजा, जुन्या सोसायटीचं ई-करार म्हणजे कर्जाच्या बोजाचं घोषणापत्र. कर्ज आजोबांनीच फेडलेलं असतं, नोंद तशीच राहिलेली असते. नवी बँक मात्र ती नोंद बघते आणि कागद परत पाठवते.

भूविकास बँकेच्या कर्जदारांसाठी ऑक्टोबर २०२२ मध्ये मंत्रिमंडळानं ३४,७८८ शेतकऱ्यांच्या ९६४.१५ कोटी रुपयांच्या कर्जमाफीचा निर्णय घेतला. तुमच्या घरचं खातं त्यात असेल तर तसा दाखला काढून तलाठ्याकडं बोजा कमी करण्याचा अर्ज द्या. माफी झाली म्हणून नोंद आपोआप जात नाही. तगाई-बंडिंगच्या कालबाह्य नोंदी काढायला महसूल खात्याची जिवंत सातबारा मोहीम उपयोगी पडते. मयत खातेदाराचं नाव अजून सातबाऱ्यावर असेल तर वारसनोंदही त्याच वेळी लावून घ्या. फेरफार प्रमाणित व्हायला नोटिशीची मुदत जावी लागते, हा वेळ हिशेबात धरा.

सामाईक खातं असेल तर सगळ्या खातेदारांची संमती आणि सह्या लागतात. पुण्या-मुंबईला असलेल्या बहिणीची सही राहिली म्हणून हंगाम गेला, असं होऊ देऊ नका. भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरावर सरकारी बंधन असलेली) जमीन असेल तर 'कर्ज मिळतच नाही' असं कुणी सांगितलं तरी लगेच मागं फिरू नका. शेतीसाठी सहकारी संस्थेकडं किंवा बँकेकडं गहाण ठेवायची वाट महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ च्या कलम ३६ मध्ये आहे. तुमच्या जमिनीला वेगळी अट आहे का, ते मूळ आदेशात बघा.

सोसायटीतून बँकेपर्यंत

कधी सुरू करायचं ते काम कधी करायचं यावरून ठरतं. चर खणायला रान कोरडं हवं, म्हणजे एप्रिल-मे. तोवर खोडवा तुटून गेलेला हवा. मंजुरी मार्चपर्यंत हातात यायला हवी असेल तर अर्ज दिवाळीच्या सुमारास पडला पाहिजे. मार्चमध्ये अर्ज करू नका. तेव्हा बँकेचा सगळा जीव वसुलीत असतो, तुमच्या फाईलला कुणी हात लावत नाही.

पहिल्यांदा सोसायटीच्या गटसचिवांना भेटा आणि हे मध्यम मुदतीचं कर्ज आहे की दीर्घ मुदतीचं, किती वर्षांचं, व्याज किती, सभासदाची कमाल मर्यादा किती, एवढं विचारून वहीत लिहून घ्या. कागद साधारण हे लागतात: सातबारा, आठ-अ, संबंधित फेरफार, गटाचा नकाशा, आधार, पॅन, इतर सोसायटी-बँकांचे बेबाकी (थकबाकी नसल्याचे) दाखले, माती तपासणीचा अहवाल, अंदाजपत्रक, कारखान्याकडची ऊस नोंद, आणि दोन जामीनदार. जामीनदार स्वतः थकबाकीत नसावेत. हे आधी तपासा, नाहीतर ऐनवेळी नवा माणूस शोधत फिरावं लागतं.

अर्ज सोसायटीच्या पंच कमिटीपुढं जातो. ठराव झाला की बँकेच्या शाखेकडं, तिथून निरीक्षक जागा बघायला येतात, मग वरच्या कार्यालयात मंजुरी. निरीक्षक येतील त्या दिवशी पाणी सोडायची जागा आणि शेजाऱ्यांचे करार दाखवा. त्यांच्या टिपणीत या गोष्टी आल्या की वर प्रश्न कमी निघतात.

मंजुरीनंतर ई-करार होतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ४८ खाली केलेलं हे बोजाचं घोषणापत्र असतं. सही करण्याआधी त्यातले गट नंबर वाचा. दोन एकरांच्या कामासाठी सगळ्या आठ-अ वरचे गट लिहून घेतले जातात आणि पुढं घरबांधणीच्या किंवा मुलांच्या शिक्षणाच्या कर्जाला एकही गट मोकळा राहत नाही. कर्जाच्या रकमेला पुरेल एवढंच क्षेत्र लावा, असा आग्रह धरायला लाजू नका. शेती कर्जाला २ लाखांपर्यंत तारण मागू नये, असा रिझर्व्ह बँकेचा १ जानेवारी २०२५ पासूनचा नियम आहे; आधी ही मर्यादा १.६० लाख होती. दोन एकरांचं काम या मर्यादेत बसत असेल तर राष्ट्रीयीकृत बँकेतही विचारून बघा.

रक्कम एकदम हातात येत नाही. पाईपचे पैसे पक्क्या जीएसटी बिलावर पुरवठादाराच्या खात्यात जातात, खुदाईचे टप्प्याटप्प्यानं. सोसायटी कर्जाच्या काही टक्के रक्कम भाग (शेअर) म्हणून कापून घेते, ती कमी येणार हे धरूनच मागणी करा. ठिबकचं अनुदानही घ्यायचं असेल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर पूर्वसंमती आल्याशिवाय ठिबकचं बिल करू नका. आधी केलेली खरेदी अनुदानात बसत नाही.

हप्त्याचं गणित: इथं बहुतेकजण चुकतात

दोन चुका नेहमीच्या. पहिली, पीककर्जाच्या पैशातून पाईप घालणं. पीककर्जावरची ३ लाखांपर्यंतची शून्य टक्के व्याजाची सवलत मुदतीत परतफेड केली तरच मिळते, आणि ते वर्षाच्या आत फेडायचं असतं. ते पैसे जमिनीत गाडले गेले की खातं थकतं आणि सवलतही जाते. ही सवलत मध्यम मुदतीच्या कर्जाला नसते, हेही ऐकून ठेवा. 'शून्य टक्क्यानं मिळतंय' असं कुणी म्हणालं तर तो पीककर्जाबद्दल बोलतोय.

दुसरी चूक पहिल्या हप्त्याच्या तारखेची. मे २०२६ मध्ये काम झालं असं धरा. जूनमध्ये हिरवळीच्या खतासाठी धैंचा, ऑगस्टमध्ये तो गाडला, ऑक्टोबर-नोव्हेंबरला उसाची पूर्वहंगामी लागण. ती तुटणार जानेवारी-फेब्रुवारी २०२८ ला. म्हणजे पैसे उचलल्यापासून उसाचं पहिलं बिल वीस-एकवीस महिन्यांनी. बँक मात्र पहिला हप्ता वर्षानं लावते. अर्जातच पीक आराखडा लिहा आणि मुद्दलाचा पहिला हप्ता पहिल्या उसाच्या बिलानंतर मागा.

आकड्यांत बघू. समजा तीन एकरांचा खर्च ३ लाख आला, त्यात ६०,००० तुमचे आणि कर्ज २,४०,०००. व्याज समजा ११ टक्के. पहिल्या वर्षी फक्त व्याज, २६,४००. पुढं मुद्दलाचे पाच समान हप्ते ४८,००० चे. मुद्दलाच्या पहिल्या वर्षी ४८,००० अधिक २६,४०० म्हणजे ७४,४००. नंतर ६९,१२०, मग ६३,८४०, ५८,५६० आणि शेवटी ५३,२८०. सर्वांत मोठा हप्ता अशा वर्षी येतो जेव्हा रान अजून पुरतं सुधारलेलं नसतं. शिवाय उसाच्या बिलातून कारखान्याकडून आधी पीककर्जाची कपात होते, मग याची. उरलेल्यात घर चालतं का, हे बघूनच कर्जाचा आकडा ठरवा. पहिल्या वर्षाचं व्याज दुधाच्या बिलातून किंवा चांगल्या रानातल्या उसातून निघत नसेल तर तीनऐवजी दीड एकरच करा. बाकीचं रान दोन वर्षं थांबलं तर बिघडत नाही. हप्ता थांबला तर सोसायटी त्याच सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली वसुली दाखला मिळवू शकते.

काम चालू असताना

खुदाई पाणी बाहेर पडायच्या तोंडाकडून सुरू करून वर चढत जायची. उलट केलं तर चरीत पाणी साठतं, काठ ढासळतात आणि पाईप चिखलात बसते. उतार शंभर मीटरला निदान वीस सेंटीमीटर द्यावा, आणि तो डोळ्यांच्या अंदाजानं नको. लेव्हल मशीन नसेल तर पाणी भरलेल्या पारदर्शक नळीनं दर दहा मीटरला तपासा. एका जागी जरी उलटा ढाळ राहिला तरी तिथं गाळ बसत जातो आणि पाईप आतून आंधळी होते. चर बुजवण्याआधी उतार बघायला तुम्ही स्वतः हजर राहा. कंत्राटदाराला दिवसभरात जास्तीत जास्त मीटर उरकायचे असतात. मोबाईलवर प्रत्येक ओळीचा फोटो काढा, बांधापासूनची अंतरं टेपनं मोजून नकाशावर लिहा. पाच वर्षांनी पाईप शोधायची वेळ आली की हाच कागद कामाला येतो.

मोठी ढेकळं पाईपवर थेट टाकू नका. पहिला वीतभर थर भुसभुशीत मातीचा. बांधावरच्या झाडांपासून ओळ लांब ठेवा, मुळं पाण्याच्या वासानं भोकांत शिरतात. तोंडाला जाळी नसेल तर बेडूक आणि उंदीर आत जाऊन बसतात.

शेवटचं बिल तोंडातून पाणी वाहताना बघून मगच द्या.

पहिलं वर्ष

पाईप घातली म्हणजे क्षार गेले असं नाही. पाणी भरून ते धुवावे लागतात. ढोबळ नियम असा की एक फूट मातीतले बरेचसे क्षार धुवायला फूटभर पाणी तिच्यातून खाली जावं लागतं. एका एकरावर फूटभर पाणी म्हणजे १२ लाख लिटरहून जास्त. म्हणून पावसाळा वाया घालवू नका. जूनआधी बांध-बंदिस्ती करून, रान सपाट करून छोटे वाफे पाडा म्हणजे पाऊस जागेवर मुरेल. धुवायला विहिरीचं पाणी वापरू नका. क्षारपड पट्ट्यातल्या विहिरींचं पाणीही बहुधा खारटच असतं. नदीचं पाणी हवं. जिप्सम टाकायचं ते याआधी, वरच्या १५-२० सेंटीमीटरमध्ये मिसळून. धैंच्याचं बी हेक्टरी ४० ते ५० किलो, आणि ४५-५० दिवसांनी फुलावर येण्याआधी गाडायचा.

तोंडातून पडणाऱ्या पाण्याची क्षारता दर महिन्याला मोजा. आकडा हळूहळू उतरत गेला पाहिजे. वर रानात पाणी तुंबलंय आणि खाली तोंडातून ठिबकतही नाही, तर एक तर पाईपात कुठंतरी अडथळा आहे, किंवा पाणी पाईपपर्यंत पोचतच नाही. पहिल्यात पाईप साफ करावी लागते, दुसऱ्यात माती सुधारावी लागते. दुसऱ्यात जिप्सम आणि सेंद्रिय खताचा हिशेब कुठं चुकला ते बघा. खर्च करण्याआधी यातलं कोणतं आहे ते चेंबर उघडून ठरवा.

पहिल्या लागणीला फुले २६५ हा ऊस घेतात, कारण क्षारपड रानात तो तग धरतो. आणि पाटपाणी बंद. ज्या पद्धतीनं रान बिघडलं तीच चालू ठेवली तर पाईप खतासकट पाणी ओढ्याला पोचवत राहील. ताकारी, म्हैसाळ आणि कराडजवळच्या टेंभू या उपसा सिंचन योजनांतून पूर्वेकडच्या तालुक्यांत आता पाणी फिरतंय. तिकडच्या काळ्या रानांनी हे आत्ताच ऐकलं तर पुढची पिढी कर्जाच्या रांगेत उभी राहायची वाचेल.

शेवटचा हप्ता भरल्यावर

पावती घेऊन घरी बसू नका. सोसायटीकडून 'कर्ज पूर्ण फेडलं' असा दाखला आणि बोजा कमी करण्याचं पत्र घ्या, तलाठ्याकडं द्या, आणि महिन्याभरानं पुन्हा १५ रुपये भरून सातबारा काढा. 'इतर हक्क' रकान्यात तुमचं ई-करार कंस पडून गेलेलं, म्हणजे रद्द झालेलं, दिसलं पाहिजे. जामीनदारांनाही त्या दाखल्याची एक प्रत द्या.